माझ्याच जोडीला दुसरा नंबर

४ जानेवारी
धुकं. क्लब हाऊसच्या हॉलमधून समोरचा टॉवर दिसत नव्हता. तरी पल्लवी आली. मानेसरहून गाझियाबादला, शेअर ऑटो, मेट्रो, परत ऑटो. लातूरची मुलगी, दिल्लीला आली यूपीएससीसाठी, ते सुटलं, आता मानेसरच्या कारखान्यात एचआरला. माझ्याकडे बॉलरूम डान्स शिकायला आली तेव्हा खांबाआडून बाहेर यायची नाही. तिचा पार्टनर गौरव इथलाच, बँकेतला, गप्प.
आज वॉल्ट्झ. कोपऱ्यावर दोघं वळले आणि मी ताल मोजायचंच विसरले. इतकी वर्षं शिकवते आहे, अशी जोडी हाताखाली पहिल्यांदा आली. हे इथेच लिहिते. तोंडावर सांगणार नाही, शेफारतील.
गुरुग्रामची स्पर्धा अठराला. पहिली येईल ती जोडी दिल्ली विभागाकडून राष्ट्रीय स्पर्धेला, एकच. पल्लवीने त्यासाठी सुट्टीचा अर्ज आधीच टाकलाय. वेडी.

१७ जानेवारी
संयोजक मेहताजींचा फोन. एक परीक्षक कोलकात्यात अडकलेत, धुक्यामुळे फ्लाइट रद्द. "मॅडम, आप बैठ जाइए।"
म्हटलं, माझीच जोडी उतरते आहे. शिकवणाऱ्याने परीक्षक व्हायचं नाही, नियम तुमचाच.
"रूल तो है मॅडम, पर एक दिन में जज कहाँ से लाऊँ? गुरुग्रामवालों से भी पूछ लिया, सब राज़ी हैं। आप तो अपने बाप को भी नंबर न दें।"
आवडलं मला. खोटं कशाला लिहू? हो म्हटलं.
माधव पेपरातून मान वर न करता, "नाही म्हणायचं होतंस."
"का? माझ्यावर भरवसा नाही?"
"आहे. म्हणूनच म्हणतोय."
नवऱ्यांना कोडी घालायला कोण शिकवतं कोणास ठाऊक.

१८ जानेवारी
झालं. पहिली गुरुग्रामची जोडी. दुसरे प. आणि गौ.
परीक्षक पाच. दोघांनी आपल्यांना पहिला दिला, तिघांनी दुसरा. त्या तिघांत मी. माझा एक पहिला पडला असता तर आपली जोडी गेली असती. तरी नाही दिला!
मेहताजी चहाच्या टेबलाशी, सगळ्यांसमोर, "इसे कहते हैं जज!" गुरुग्रामच्या सरांनी वाकून नमस्कार केला. मान ताठ करून फिरले. या शहरात कोण कोणाचा विद्यार्थी, कोण कोणाचा भाचा यावर नंबर लागतात असं लोक बोलतात. बोला आता.
मार्क भिंतीवर लावतात, परीक्षकांच्या नावासकट. प. तिथे बराच वेळ उभी. मग आली, "थँक्यू मॅम," म्हणाली. गौ. आला नाही. येईल. तोही एक दिवस शिकवेल, तेव्हा कळेल त्याला.

१९ जानेवारी
सकाळी माधव, काल प्रेक्षकांत होता, पोहे खाता खाता:
"टँगोत ते दोघं तुझ्या समोरून दोनदा गेले. दोन्ही वेळा तू मान फिरवलीस."
"तुला नाचातलं काय कळतं?"
"नाचातलं नाही कळत. तू कुठे बघतेस ते कळतं."
बशी आपटली. फुटली नाही. बोलणं बंद.

२१ जानेवारी
लहान मुलांचा क्लास झाला, हॉल रिकामा, तिथेच बसून लिहिते आहे.
फायनलला सहा जोड्या एकदम फ्लोअरवर. वेळ जेमतेम. ज्याच्याकडे बघाल त्याचंच दिसतं. पाच जोड्यांकडे मी डोळे फाडून पाहिलं. आपली तर मला पाठ आहे, तिच्याकडे काय बघायचं, असं स्वतःला सांगितलं.
पाठ कसली! भीती वाटत होती. पाहिलं तर पहिला द्यावा लागेल, आणि मग टेबलापाशी सगळे काय म्हणतील. दुसरा नंबर मी मनात घरूनच नेला होता.
माधवला सांगितलं नाही अजून. त्याला माहीत आहेच.

२५ जानेवारी
वाटलं होतं दोघं येणार नाहीत. वेळेआधी आले.
आमच्याकडे रीत आहे, स्पर्धेनंतरच्या पहिल्या क्लासला नाच नाही. मी काय काय पाहिलं ते सांगायचं, पाय, मान, खांदे, सगळं. दोघं समोर बसले. प.ने पाण्याची बाटली बाजूला ठेवली.
"मॅम, टँगोचा शेवट आम्ही बदलला होता. तुम्ही नको म्हणाला होतात तो. कसा वाटला?"
मला माहीतच नव्हतं. शेवट बदलला होता हेच माहीत नव्हतं.
चांगला होता, असं तोंडाशी आलं होतं. तिच्याकडे बघून निघेना. म्हटलं, "मी पाहिला नाही. तुमच्याकडे पाहिलंच नाही मी."
"मग दुसरा नंबर कशावर दिलात?"
गौ. बूट बांधत होता. तो कधी बोलत नाही. "मॅम, सेकंड दे देतीं, चलता। देखके देतीं।"
कान गरम झाले. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. आणि तेवढ्यातही आतून वाटत होतंच, खांबाआडची ती मुलगी माझ्या डोळ्यात बघून विचारते आहे! अभिमान असा नको तिथे येतो, त्याला काय करू?
म्हटलं, उठा. टँगो लावला. या वेळी स्टुलावर बसून नखापासून केसापर्यंत पाहिलं. तो शेवट माझ्यापेक्षा चांगला बसवलाय त्यांनी. तसं सांगितलं, तोंडावर. शेफारू देत.

३० जानेवारी
मेहताजींना फोन केला. म्हटलं, माझे मार्क काढून टाका. मी माझ्या जोडीकडे न बघता दिलेत.
आधी हसले. "मॅडम, आप भी ना!" मग हसायचे थांबले. "रिज़ल्ट हो गया। नाम ऊपर चला गया। अब बोलूँगा तो आप ही की बदनामी होगी।"
होऊ दे. रविवारी कमिटी बसते आहे, मी येणार.
माधवला सगळं सांगितलं. तो म्हणाला, चल, गाडी मी काढतो. बस, एवढंच.
पण गुरुग्रामच्या पोरांनी काय केलं? ती बिचारी आपली नाचली. त्यांच्या हातातलं काढून आपल्यांना द्या, असं कुठल्या तोंडाने म्हणू? आणि नाही म्हटलं तर प.चं...

३१ जानेवारी
जेवणं होताहेत तोच प.चा फोन, कंपनीच्या बसमधून. मागे हॉर्नच हॉर्न.
"मॅम, तुम्ही उद्या कमिटीकडे जाताय असं गौरव म्हणाला. त्याला मेहताजींचा फोन आला होता."
"जाते आहे. तुमचा हक्क होता तो."
"तसं नका सांगू हं, प्लीज. आम्ही पहिले होतो असं म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नाहीये. पाहिलं नाही, एवढंच सांगा."
"मग तुम्हाला नाही पाठवलं तर?"
"तर रडेन मी. पण तसंच सांगा."
फोन ठेवला. माधव विचारत होता काय झालं, मी वही उघडून बसले.
उद्या अकराला कमिटी. ते काय ठरवतील, देव जाणे. तिने सांगितलंय तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. फक्त बसल्याबरोबर, सगळ्यात आधी, त्यांना ठाऊक असलं तरी अभिमानाने हे सांगणार की पल्लवी माझी विद्यार्थिनी आहे.