ऐकण्याचं वर्ष

१ जानेवारी, सकाळी
यंदाचा शब्द ठरला: ऐकणं. दरवर्षी एक शब्द निवडायचा आणि तो या वहीत रंगांनी, चित्रांनी, विचारांनी फुलवायचा, ही माझी पद्धत. गेल्या वर्षीचा शब्द ‘सातत्य’. तो फेब्रुवारीत सुटला. त्याआधी ‘साधेपणा’. त्यासाठी घेतलेली ब्रशपेनं अजून पुरताहेत. यंदा मात्र घरचंच मैदान आहे. कानाच्या मशिनच्या दुकानात मी लोकांची श्रवणचाचणी घेतो, मला ऐकणं कोण शिकवणार? पहिल्या पानावर कान काढला. काजूसारखा दिसतोय, पण भाव पोचतो. बायको दारात उभी राहून काहीतरी विचारत होती. शेडिंग चालू होतं. नंतर बोलू म्हणालो.

९ जानेवारी
संकल्प: रोज एका माणसाचं पूर्ण ऐकून घ्यायचं. सुरुवात बायकोपासून. ती पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. साहेबांनी तिला दुसऱ्या शहरातली नवी लॅब सांभाळायला विचारलंय. बढती, दोन वर्षं तिकडे राहायचं, लवकर कळवायचंय, तुम्हाला काय वाटतं वगैरे. मी डोळे मिटून ऐकलं. तिच्या आवाजात एक छान गोलाई आहे. इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. लगेच निळ्या रंगात त्या आवाजाची लहर काढली. मध्ये मध्ये ‘हं’ म्हणालो. उत्तम दिवस.

१७ जानेवारी
घरात वहीला शांतता मिळत नाही. म्हणून दुपारी दुकानातल्या चाचणीच्या केबिनमध्ये बसतो. चहूकडे फोम, जाड दार, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ऐकण्यावर चिंतन करायला याहून चांगली जागा नाही. मालक म्हणाले, बाहेर माणसं खोळंबलीत, दार वाजवून माझा हात दुखला. सृजनाशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

२८ जानेवारी
बायकोने पुन्हा तोच विषय काढला. मी कोलाज चिकटवत होतो. मी गेले तर तुम्हाला चालेल का, असं काहीसं म्हणाली. गोंद वाळत होता. ‘हं’ म्हणालो. ती जरा वेळ उभी राहिली आणि आत गेली. मोकळं वाटलं असणार. ऐकून घेणारं माणूस मिळालं की वाटतंच.

११ फेब्रुवारी
काळजी. बायको बोलत नाही. चहा विचारला तरी उत्तर नाही. मुलगी म्हणाली, बाबा, एकदा आईशी नीट बोला, ती थांबलीये तुमच्यासाठी. पोरीला यातलं शास्त्र कळत नाही. उत्तर न देणं, वेगळ्या खोलीत बसणं, ही सगळी लक्षणं मी रोज बघतो. हिला ऐकू कमी येतंय. मनाला फार लागलं. एवढ्यातच?

१३ फेब्रुवारी
तिला केबिनमध्ये बसवलं. हेडफोन चढवताना जीव गलबलला. चाचणीत तिने बारीकातल्या बारीक आवाजालाही बटण दाबलं. कान ठणठणीत. मशीन बिघडलं असावं. शेवटी हेडफोन काढून ती केबिनच्या काचेपलीकडून काहीतरी म्हणाली. आतला माइक बंद होता. मी अंगठा वर केला. तिनेही मान डोलावली. पुष्कळ दिवसांनी आमचा संवाद झाला. (इथे सोनेरी स्टिकर.)

१४ फेब्रुवारी
मशीन बिघडल्याचं मालकांना सांगितलं. ते स्वतः बसून तपासून आले. मशीन व्यवस्थित आहे. मग कोडं काय आहे?

२ मार्च
घरात बॅगा. कुठे चाललीस, विचारलं. तिने तिकीट पुढे केलं. मुलगी उठून बाहेर गेली. नवी लॅब. उद्याची गाडी. मी म्हणालो, मला कुणी सांगायचं नाही का? तेव्हा बायको बोलली.
“जाऊ ना मग, असं काचेतून शेवटचं विचारलं होतं. तुम्ही अंगठा वर केलात.”
राहा म्हणायचं होतं. पण तिचं साहेबांना कळवून झालं होतं आणि बॅगेची चेन लागत नव्हती, म्हणून मी वरून दाबून धरली.

४ मार्च
‘निरोप’ या विषयावर दोन पानं रंगवायची होती. नुसत्या रेघा मारल्या.

१५ मार्च, संध्याकाळी
आज तिचा फोन येणार होता. पेन, वही, सगळं कपाटात ठेवलं. ठरवलं, आज मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. ती बोलत राहिली. खोलीला खिडकी आहे, नळ गळतो, लॅबमधल्या मुली तिला मॅडम म्हणतात, एकटीला जेवण जात नाही. सगळं लक्षात आहे. शब्द न् शब्द. मग म्हणाली, तुम्हाला करमतंय का? मी नकारार्थी मान हलवली. हॅलो, ऐकताय ना, म्हणाली. मी जोरजोरात मान हलवली, या वेळी होकारार्थी. लाइन गेली वाटतं, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि फोन ठेवला.