ह्यांची चप्पल

मंगळवार, संध्याकाळ. नवागाम, सुरत.

महिन्यापूर्वी ह्यांची पाठ चोळताना उजवा खवाटा, खांद्यामागचं ते चपटं हाड, बाहेर आलेला दिसला. इतकी वर्षं मार्केटात कापडाचे गठ्ठे त्याच खांद्यावर वाहिलेत, शीर चढली असेल, म्हणून मीच ह्यांना मालिशवाल्याकडे नेलं. त्याने दोनदा मान कडकन मोडली.

आज डॉक्टरांनी भिंत ढकलायला लावली, तर खवाटा पंखासारखा उभा राहिला. गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय केवढा उडाला! म्हणाले, "नुसता खांदा नाही. मानेत मज्जारज्जू दबत असेल. लगेच एमआरआय करा. मानेला कोणी झटका दिला नाही ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हेच म्हणाले, "नाही साहेब." मला सांभाळून घेतलं का?

डॉक्टरांनी पुढे विचारलं, "चालताना चप्पल निसटते?"

"नाही."

अहो, दोन महिने मी ओरडतेय, चप्पल नीट घाला म्हणून! खोटं बोलले, की खरंच कळत नाही? उद्या मीच सगळं सांगणार. मालिशवाल्याचंही.

परत येताना गल्लीत ह्यांची एक चप्पल निसटली. मी मुकाट्याने उचलली. हे चालतच राहिले. दाराशी येऊन चपला काढायला दोन्ही पाय झटकले.

एक तर माझ्या हातात होती.