अल नहदामधले तुमचे खांब

अब्बा, तुम्ही इथे आखातात उभी केलेली अल नहदामधली बिल्डिंग पाडायचं ठरत होतं, आणि इंजिनिअर म्हणून त्यावर मत द्यायचं काम नेमकं माझ्याच टेबलावर आलं.

मी लहान असताना शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तुम्ही मला पिकअपमधून तिथे न्यायचात. सगळ्यांना सुट्टी, पण नव्या खांबांना गुंडाळलेली गोणपाटं भिजवायची असायची. ती उन्हात सुकली तर काँक्रीटला तडे जातात. मी पाइप धरून उभी आहे, तुम्ही ओल्या गोणपाटावरून हात फिरवताय. "बेटा, याला तहान लागू द्यायची नाही." घरी अम्मी तणतणायची, "त्या खांबांशीच निकाह लावायचा होता!" पुढे त्या खांबांवर पश्चिमेकडून सगळी काच चढली, दुपारचं ऊन थेट आत. तिथले लोक पडदे ओढून दिवसभर एसी लावून बसायचे आणि बिलाच्या नावाने रडायचे.

मीटिंगमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, "मॅडम, बहुत पुराना है. खलास करो, यल्ला, चलो, नया ग्लास टॉवर बनाते हैं." पण नव्या मालकांची कंपनी युरोपातली. तिकडे त्यांना कार्बन कर भरावा लागतो, म्हणून इथल्या सिमेंट-स्टीलवरही ते तसाच भाव धरून हिशेब करतात. तुमच्या काँक्रीटचं सिमेंट भाजतानाचा धूर केव्हाच हवेत गेला, त्याच्यावर आता कर नाही. नवं ओतलं तर मात्र सगळा पडतो. शिवाय काच काढून लहान खिडक्या आणि बाहेरून सावली दिली, तर एसीही कमी लागेल. मी एवढंच मांडलं. ते मान्य झालं. खांब राहिले, अब्बा.

घरी येऊन रडले, तर तुमची नात म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ बिल्डिंग." तिचं काय चुकलं? तिने तुम्हाला पाहिलंच नाही.

काल काचा उतरल्यावर मी वर गेले. मोकळा वारा येत होता. एका खांबाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

हे पत्र पाठवू कुठे? तुम्ही गेल्यावर तुम्हाला गावी नेऊन दफन केलं, आणि आपल्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. तुमच्या मातीला माझा हात कधी लागलाच नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, कार्बन कराने बिल्डिंग वाचवली. हिशेब खराच आहे. पण तो उलटा आला असता, तर मी तो खरा सांगितला असता का, हे मला अजून ठाऊक नाही.