तुझी आणि पेडण्याच्या काकांची तबकडी

बाबा, तुम्हा दोघांची तबकडी परत निघाली. साठीच्या दशकातल्या, आता कुणाच्या लक्षात नसलेल्या बँडांची गाणी शोधून नव्याने काढणारा एक जर्मन माणूस आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जुन्या भांड्यांच्या ढिगाखाली त्याला ती सापडली आणि विचारत विचारत तो डिचोलीला आपल्या दारात आला. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, बाबा जाऊन खूप वर्षं झाली.

गिटार घेतलेला तू मला माहीतच नाहीस. मला माहीत आहे तो शिरगावच्या खाणीवरून धुळीने लाल होऊन येणारा, न्हाणीत बसून खोकत राहणारा बाबा. आणि ती दुपार. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, या भांडणात लोकांनी झाडं पाडून रस्ते अडवलेले. तू मराठीच्या सभेत बोलून आला होतास. ज्यांच्याबरोबर मुंबईला जाऊन तू ते कोकणी गाणं तबकडीत भरलंस, ते पेडण्याचे काका कोकणीच्या मोर्च्यात. आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "आपण गायलो ती खंयची भास रे?" तू आत जाऊन तबकडी आणलीस आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर मोडलीस. "ती भास माझ्या घरात नाका." आई पोळे घालत होती. तव्यावरचा करपला तरी ती हलली नाही. काकांनी चपला घातल्या आणि ते निघाले.

पुढे खनिजाच्या ट्रकाने त्यांची मोटरसायकल चिरडली, काका जागीच गेले. बातमी येते तेव्हा तू जेवतोयस. ताट संपवतोस, हात धुतोस आणि खाणीवर जातोस. पेडण्याला नाही.

जर्मन माणसाला दोन्ही घरांची परवानगी हवी होती, म्हणून मी पेडण्याला गेले. काकूला आता दिसत नाही. "आता कित्याक इलंस गो?" तिने विचारलं. मी सांगितलं. मग ती म्हणाली, "बाराव्या दिसापर्यंत वाट बघली मी. खांदो दिवक नाय तर नाय, तुझो बापूस दारात येवन उभो तरी रवतलो, असा वाटला." मी तिचं बोट कागदावर सहीच्या जागी टेकवलं. शेवटी तिने सही केली. "काढा. पण दोघांची नावां एकाच वळीत घाला. जिते असताना जमला नाय त्यांका."

गेल्या महिन्यात तबकडी आली. पाकिटावर तुम्ही दोघं, अरुंद विजारी, हसताय. मी ती काकूकडे नेऊन लावली. ढोल पुढे पळतो, गिटार करकरते आणि मग तुम्ही दोघं जीव तोडून ओरडता. "हो माझो," काकू पहिल्याच ओळीला नवऱ्याचा आवाज ओळखून म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने दुसऱ्या आवाजाबद्दल म्हणाली, "आणि हो तुझो बापूस." मी हो म्हटलं.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं सांगते. तुझा तो आवाज मी ओळखला नाही.