वंदीच्या पट्ट्यांची झाडं

ता. ५ मे १९८३, गुरुवार
वंदी आली! ठाण्याहून एकटी, हमरस्त्यावरच्या चौकापर्यंत एस्टीने, पुढे चालत. कॉलेजाने नातीला महिनाभर आपल्याच डोंगरावर धाडलंय. कुठलं रान राखायचं, कुठे लोकांनी लाकूडफाटा काढायचा, त्याचा नकाशा करायचा. सुट्टीतलं शिकायचं काम. नात आली म्हणून साऱ्या आळीला सांगून आले. वालाचं बिरडं दोनदा घेतलं तिने. वाळलीय जराशी.

ता. ८
झाडाला शिंप्याची फीत गुंडाळून घेर मोजते. शेजारची गंगू म्हणाली, "काय गं वंदे, झाडाला परकर शिवतीस काय?" हसून पोट दुखलं माझं. जे राखायचं त्याला चुन्याचा पांढरा पट्टा. चुना मीच कालवून दिला. लांबून शाळेची पोरं उभी केल्यासारखी दिसतात झाडं.

ता. १२
गंगूने विचारलं, "ठेकेदार कवा येनार हाय?" म्हटलं, कसला ठेकेदार? "ऱ्हाऊ दे, नको सांगू," म्हणून फणकाऱ्याने गेली. काय झालं बाईला कोण जाणे.
कैऱ्या आणल्या लोणच्याला. निम्म्या पाडाला आलेल्या. फसवलं मेल्या कैरीवाल्याने.

ता. १४, शनिवार
वंदी दुपारीच परत. जेवली नाही. पट्ट्याची झाडं तोडलीत. बाजूची झाडं सोडून नेमकी पट्ट्याचीच.
तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे रानातल्या झाडावर खूण म्हणजे ते पडणार. ठेकेदाराची तोड निघायच्या आधी अशाच खुणा व्हायच्या. लोकांना वाटलं, तो नेण्याआधी आपण नेऊ. मोळ्या चौकातल्या ढाब्यांवर गेल्यासुद्धा.
सोमवारी तिचे सर काम बघायला येणार. पास करतील का, पोरीला परत पाठवतील... तिच्यासमोर हसते आपली.

ता. १५
दोघी घरोघर फिरलो. गंगू म्हणाली, "मंग आदी सांगायचं नाय का गं? पट्टा मारून झाड राखायचं, आसं कुनी आयकलंय?"
वंदी म्हणाली, "चुकलंच, काकी. सगळे पट्टे पुसून टाकते."
मी म्हटलं, अगं, मग मोजलेलं कुठलं नि न मोजलेलं कुठलं? सरांना काय दाखवशील?
"झाडं तरी दाखवीन, आजी."
गंगू म्हणाली, "पुसू नको. आळीत मी सांगते. पर पल्याडच्या वाडीला कोन सांगनार? ती मानसं कुनाचं आयकत्यात?"
रात्री वंदी नुसतीच कूस बदलत होती. मीही.

ता. १६, सोमवार
उजाडताच वंदी कळशी नि फडकं घेऊन वर गेली. पुसणारेस का विचारलं. "बघते." मागोमाग गंगू, आज कोयता न घेता. गुडघे धड असते तर मीही गेले असते.
चहाला आधण ठेवलं नि वरून, पल्याडच्या वाडीच्या अंगाने, आवाज. कुऱ्हाडच. थांबला. पुन्हा सुरू.
तेवढ्यात सर आले. तरणेच आहेत. चहा नको म्हणाले. "वंदना कुठल्या बाजूला आहे?" घाव ऐकू येत होते तिकडे हात केला.
ते चढून गेले. आता आवाज बंद झालाय. खाली अजून कोणी आलं नाही. पट्टे मात्र इथून अजून पांढरे दिसतायत.