तांदळाच्या डब्यातले टोमॅटो

ॲडम्सटाउन, रविवार संध्याकाळ

चार महिने जपलेले हंगामातले पहिले चार टोमॅटो माझ्याकडे राहायला आलेल्या आईने हिरवेच तोडले, म्हणून मी तिच्यावर ओरडले. "तुला इथल्या बागेतलं काय कळतं?" असंही बोलून गेले. मला वाटलं, चटणीसाठी तोडले. ती टोमॅटो घेऊन आत गेली. गुरुवारी नागपूरला परत गेली.

आज खिचडीसाठी तांदळाच्या डब्यात हात घातला, तर ते चार टोमॅटो. तीन लालभडक, चौथा फुटलेला. इथल्या उन्हाचा भरवसा नाही म्हणून पिकत घातले होते तिने, घरी आंबे घालायची तसे. मला कसं सुचलं नाही? चारच तर होते, चारांची कसली चटणी?

लगेच फोन लावला. "आई, टोमॅटो पिकले गं."

"मला काय कळतं, बाई, तिथल्या बागेतलं," म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला.