आत्याची चंची आणि ॲलियानिको

६ जाने.
आज परत वाईन गिळली. फ्रापातो, सिसिलीचं द्राक्ष, पहिल्यांदाच चाखत होते. चाखून झाली की बादलीत थुंकायची असते. थुंकायला गेले तर अर्धी हनुवटीवर, घोटभर पोटात. शिकवणारे सर म्हणाले, "काही बिघडत नाही." त्यांचं नाही बिघडत. मी आईला शब्द दिलाय, एक घोटही गिळणार नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीसाठी, म्हणजे बंदीच्या मतासाठी, दारोदार फिरलेली ती आई. आणि तिची लेक, घरातली पहिली बी.एस्सी., नाशिककडे वायनरीत शिकाऊ. शब्द मोडून इथं राहायचं नाही.
परीक्षा ९ फेब्रु., वास-चवीवरून वाईनचं द्राक्ष ओळखायची. आम्हा पाच शिकाऊंतून एकालाच कायम घेणार.

१४ जाने. नेकनूर
संक्रांतीला घरी. गिळल्याचं आईला सांगून टाकलं. लाडू वळायची थांबली. "मग सोड की." एवढंच.
आत्याची तंबाखूशिवाय सकाळ होत नाही. ती मात्र हसून हसून बेजार. "बी.एस्सी. झाली अन् थुकायला येईना व्हय गं? उद्या चल परसात."

१५ जाने.
समोर राखेचा ढीग, चार हात लांब मी, तोंडात पाणी. आत्या: "गाल कावून फुगविती? जीभ दाब. ओठ बारीक कर. अन् लाजू नको. लाजली की हनुवटीवर येतंय." दुपारपर्यंत ओढणी चिंब. संध्याकाळी धार सरळ राखेत! आत्यानं टाळी वाजवली. आई दारातून बघत होती. मी वळले तशी आत गेली.
निघताना आत्याची तंबाखूची चंची हुंगून घेतली. कोरडं पान, जुनं कापड, लवंग. वहीत लिहिलं.

२८ जाने.
धार जमतेय. तेरा दिवस, एक थेंब पोटात नाही. आता सगळं लक्ष वासाकडे.
पुस्तकात ब्लॅकबेरी, व्हायोलेट. मी दोन्ही कधी पाहिली नाहीत. म्हणून माझी वही वेगळी, इटलीची द्राक्षं आणि घरचे वास. रुके = गुलकंद. नेग्रोआमारो = पिकलं जांभूळ, शेवटी कडवट. तिमोरासो = मध, तापलेला दगड. हे द्राक्ष जवळजवळ संपलं होतं, एका शेतकऱ्यानं हट्टानं राखलं. वाचून उगाच भरून आलं. जगाला माहीत नसलेलं काही चांगलं असू शकतं, एवढंच मला...
आमच्या पाचांतली पुण्याची रेवा वही बघून म्हणाली, "किराणा यादी का ही?" म्हटलं, हो. घरची.

९ फेब्रु.
सहा ग्लास, बाटल्या झाकलेल्या. चौथ्यात बहुतेक चुकले. सहावी लई जड. आंबट, हिरड्या आवळणारी. रेवानं झटकन लिहून पेन ठेवलं. मीही 'नेबियोलो' लिहिताना 'नेबियो' इथपर्यंत आले. ते इटलीचं नावाजलेलं, कुणालाही तेच सुचेल. पण रंग जास्त गडद वाटत होता. परत नाक घातलं. आलुबुखार, धूर, आणि मग कोरडं पान, जुनं कापड. आत्या समोर येऊन बसल्यासारखी. खोडलं. ॲलियानिको लिहिलं, दक्षिण इटलीचं गडद द्राक्ष, पुस्तकात त्याला तंबाखूचा वास दिलाय.
पेपर दिल्यावर सर म्हणाले, "ही बाटली परत मिळायची नाही. हिचा तरी घोट घ्या." सगळ्यांनी घेतला. मी थुंकले. बादलीच्या मधोमध, आवाज न करता.

१० फेब्रु.
ॲलियानिकोच!! फक्त मी ओळखली. जागा माझी!
"कशावरून?" सरांनी विचारलं.
"आत्याच्या चंचीवरून."
हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या वहीची एक प्रत मला द्या." रेवानं मिठी मारली, मग कानात, "यादीत माझं पण काहीतरी घाल."
फोनवर आत्या ओरडलीच, "म्या म्हणलं न्हवतं का, लाजू नको?" आई फोनवर आली नाही. कामात हाय म्हणे.
१ मार्चला रुजू व्हायचं. आई नाही म्हणाली तर

१२ फेब्रु. नेकनूर
सरांनी उरलेली ॲलियानिको लहान बाटलीत भरून दिली. चहाच्या काचेच्या ग्लासात थोडी ओतली, चुलीपाशी आईसमोर ठेवली.
"पिऊ नको. नुसतं हुंग."
"दारूच हाय न्हवं ही?"
"हाय."
आईनं आणखी दोन भाकरी थापल्या. मग पिठाचे हात पदराला पुसले, ग्लास नाकाशी नेला. आत्याला कुठला दम. "माझी चंची हाय का न्हाई, सांग की!"
"गप बसा वन्सं जरा. आजून कायतरी हाय ह्यात."
तव्यावरची भाकरी करपायला लागलीय. आईचे डोळे मिटलेले. ती सांगेल ते लिहायला मी वही उघडून बसलेय.